गाठ तोंडात, मग मानेला हात कशाला? ट्यूमरच्या कडेचा रेणवीय नकाशा

एम.एस्सी. संपत आलेल्या मुलामुलींकडून मला एक प्रश्न सारखा येतो: "ताई, पीएच.डी.चा विषय कसा शोधायचा?" याचं उत्तर नुसतं "पेपर वाचा" असं देऊन भागत नाही. म्हणून आज माझाच विषय उलगडून सांगते. यात पेशी आहेत, लेसर आहे, थोडं संख्याशास्त्र आहे. पण सुरुवात एका प्रश्नापासून झाली, आणि तो प्रश्न कुठल्या पेपरमध्ये नव्हता.

मी मूळची नाणे मावळातली. कामशेतला लोकल पकडायची, पुण्याला उतरायचं, रात्री परत, असं बरीच वर्षं चाललं. आमच्या भावकीतल्या एका काकूंना सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची सवय. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, तिची पूड, ती दातांवर घासायची आणि थोडी गालात धरून ठेवायची. आमच्याकडे कित्येक घरांत आज्यांच्या, काकवांच्या कमरेला मिश्रीची डबी असायचीच. काकूंना डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून एक व्रण झाला. तो भरेना. बायोप्सीत कॅन्सर निघाला. स्कॅनमध्ये मान साफ दिसत होती. तरी सर्जन म्हणाले, गालातली गाठ आणि मानेतल्या लिम्फ नोड, दोन्ही काढू.

काकूंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, दुखणं तोंडात आहे, मग मानेला हात कशाला लावता?"

ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये मानेतली एकही लिम्फ नोड बाधित नव्हती. काकू आज बऱ्या आहेत. पण डावा खांदा आखडला. डोक्यावर भारा घ्यायचा तर हात वर जात नाही. आवण काढायला त्या बसतात, भारे मात्र दुसऱ्यांनी वाहायचे. एकदा मला म्हणाल्या, "तू शिकलीस ना त्यातलं? मग सांग, त्या गाठी उगाच काढल्या का?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर.

सर्जनचं बरोबर होतं

आधी हे स्पष्ट करते. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये, स्कॅनला मान साफ दिसत असताना लिम्फ नोड लगेच काढाव्यात, की वाट बघून गाठ आली तरच काढाव्यात, यावर अनेक वर्षं वाद होता. तो मिटवणारी मोठी चाचणी मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्येच झाली. डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी ती २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण दोन गटांत विभागले होते. तीन वर्षांनी, मान लगेच साफ केलेल्या गटात ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट बघितलेल्या गटात ६७.५ टक्के. हा फरक फार मोठा आहे.

पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही दिसते. ज्यांची मान लगेच साफ केली, त्यांच्यातल्या साधारण तीस टक्के रुग्णांच्या लिम्फ नोडमध्ये कॅन्सर सापडला. म्हणजे दहातल्या सात जणांच्या मानेत काही नव्हतं. मानेतून जाणारी एक नस खांद्याचा स्नायू हलवते. सर्जनने ती कितीही जपली तरी काहींचा खांदा दुखतो, आखडतो. ऑफिसात बसून काम करणाऱ्याला ते सोसतं. भारा वाहणाऱ्या बाईचं त्यात काम जातं.

सेंटिनल नोड बायोप्सीसारखा मधला मार्ग आहे. गाठीपासून पहिली लागणारी लिम्फ नोड शोधून तेवढीच तपासायची. पण त्याला किरणोत्सारी द्रव्य, तरबेज टीम आणि बारकाईने काप तपासणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो. ते सगळीकडे नसतं.

मग खरा प्रश्न असा होतो: गालातली गाठ हातात आल्यावर, तिच्याचकडे बघून ती मानेत गेली आहे की नाही हे सांगता येईल का?

दुर्मीळ नाही, दुर्लक्षित

"कमी अभ्यासलेला कॅन्सर" म्हटलं की आपल्याला वाटतं, लाखात एखाद्याला होणारा. तोंडाचा कॅन्सर तसा नाही. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार जगात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण होतात, आणि त्यातले १ लाख ४० हजारांहून जास्त भारतातले. एक तृतीयांशापेक्षाही जास्त.

पण रेणूंच्या पातळीवरचा अभ्यास कुठल्या गाठींचा झाला? अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलसने २०१५ मध्ये डोके-मानेच्या २७९ गाठींचा जनुकीय नकाशा छापला. आजही आपण सगळे तो संदर्भ म्हणून वापरतो. त्यात जिभेच्या, स्वरयंत्राच्या, घशाच्या गाठी भरपूर आहेत. गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीतल्या गाठी मोजक्याच. आपल्याकडे मात्र तंबाखूची चिमूट, गुटखा, मिश्री नेमकी त्याच खोबणीत धरली जाते, आणि गाठही तिथेच होते. याला जिंजिव्होबक्कल कॅन्सर म्हणतात. सवय आणि गाठीची जागा यांचा हा संबंध टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी गेल्या शतकाच्या मध्यालाच मांडायला सुरुवात केली होती.

भारतीय गाठींवर मोठं काम २०१३ मध्ये आलं. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल जीनोमिक्स आणि आपल्या घाटाखाली खारघरला असलेलं ॲक्ट्रेक, यांनी मिळून ५० जिंजिव्होबक्कल गाठींचं एक्सोम सिक्वेन्सिंग केलं आणि आणखी ६० गाठींवर ते पडताळलं. टीपी५३, कॅस्प८, नॉच१ अशी ओळखीची जनुकं तर मिळालीच. पण यूएसपी९एक्स, एआरआयडी२, टीआरपीएम३ अशी काही जनुकंही वारंवार बिघडलेली दिसली, जी तोपर्यंत या कॅन्सरच्या यादीत नव्हती. धडा सरळ आहे: दुसऱ्यांच्या गाठींवरून काढलेली यादी आपल्या गाठींना जशीच्या तशी लागू पडेल असं धरून चालू नका.

मातीचा नमुना आणि खाचर

आता पद्धतीकडे वळू. गाठीचं सिक्वेन्सिंग करताना सहसा काय करतात? तुकडा घेतात, तो वाटतात आणि त्यातून डीएनए किंवा आरएनए काढतात. शेतकरी कुटुंबातल्यांना हे लगेच समजेल, कारण माती परीक्षणाला आपण तेच करतो. शेतात आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, एकत्र कालवायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत भरून पाठवायची. रिपोर्ट येतो तो सगळ्या शेताच्या सरासरीचा. स्फुरद कमी, पालाश मध्यम. खताचा डोस ठरवायला तो पुरतो.

पण समजा, एका खाचराचा बांध कोपऱ्यात पाझरतोय आणि पाणी शेजारच्या खाचरात जातंय. ते त्या पिशवीतून कळेल का? त्यासाठी बांधावरून चालत जावं लागतं.

गाठीचंही तसंच आहे. कॅन्सर मानेकडे निघतो तो गाठीच्या मध्यातून नाही, तर कडेवरून, जिथे कॅन्सरच्या पेशी निरोगी स्नायूत, चरबीत घुसत असतात तिथून. या कडेला पॅथॉलॉजिस्ट इन्व्हेजिव्ह फ्रंट म्हणतात. गाठ वाटली की कडेच्या थोड्या पेशी मधल्या लाखो पेशींत हरवतात. कोण कोणाच्या शेजारी होतं ही माहिती तर पूर्णच पुसली जाते.

नकाशा काढायचे चार मार्ग

पहिला मार्ग सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात महत्त्वाचा: एच अँड ई. मेणात बसवलेल्या गाठीचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काढायचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून पातळ. हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. एवढ्यावर पॅथॉलॉजिस्ट गाठ किती खोल गेली ते मोजतात. ही खोली मानेतल्या प्रसाराशी इतकी जोडलेली आहे की टीएनएम वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत तिला गाठीची पायरी ठरवण्यात जागा मिळाली. कडेवर एकेकट्या किंवा चारपर्यंतच्या घोळक्याने सुटलेल्या कॅन्सर पेशी, ज्यांना ट्यूमर बडिंग म्हणतात, त्याही इथेच दिसतात.

दुसरा मार्ग, अँटीबॉडीचा. एखादं प्रोटीन ओळखणारी अँटीबॉडी लावायची आणि ते जिथे असेल तिथे तपकिरी रंग आणायचा. याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. पण एका कापावर एक, फार तर दोन प्रोटीनं. रंगाऐवजी चमकणारी द्रव्यं वापरली तर सहा-सात प्रोटीनं जमतात. त्यापुढे एकाची चमक दुसऱ्याच्या चमकेत मिसळते.

तिसरा मार्ग ही अडचण हुशारीने टाळतो. अँटीबॉडीला रंग न लावता धातू लावायचा. लँथनाइड गटातले हे धातू शरीरात मुळात नसतातच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे पार्श्वभूमीचा गोंधळ फार कमी. मग लेसर कापावरचा एकेक मायक्रॉनचा ठिपका उडवत जातो आणि मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो की त्या ठिपक्यात कुठला धातू किती होता. ठिपके पुन्हा जागेवर मांडले की चित्र तयार. याचं नाव इमेजिंग मास सायटोमेट्री. २०१४ मध्ये झुरिकच्या गटाने ३२ प्रोटीनं एकाच कापावर दाखवली. आता चाळीसच्या आसपास जमतात.

चौथा मार्ग, माल्डी इमेजिंग. इथे अँटीबॉडीच नाही. कापावर मॅट्रिक्स नावाच्या द्रव्याचा फवारा मारायचा, लेसरने ठिपक्याठिपक्यावरून रेणू सुटे करायचे आणि त्यांचं वस्तुमान मोजायचं. १९९७ मध्ये रिचर्ड काप्रिओली यांच्या गटाने ऊतींवर हे करून दाखवलं. फायदा असा, की काय शोधायचं हे आधी ठरवावं लागत नाही. लिपिड, साखरेच्या साखळ्या, पेप्टाइड, जे आहे ते दिसतं. तोटा असा, की वस्तुमान कळलं तरी तो रेणू नेमका कोणता हे सिद्ध करायला वेगळं काम लागतं. शिवाय मेणात बसवताना अल्कोहोल आणि झायलिनमध्ये बहुतेक लिपिड धुऊन जातात. लिपिड हवे असतील तर गोठवलेलाच तुकडा लागतो, आणि त्याची व्यवस्था ऑपरेशन थिएटरपासून करावी लागते.

मुलाखतीत "कोणतं तंत्र सर्वोत्तम?" असं विचारलं तर फसू नका. "प्रश्न कोणता आणि ऊतक कसं साठवलंय?" हे आधी विचारा.

कडेवर काय शोधायचं?

२०१७ मध्ये सेल या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका गटाने डोके-मानेच्या कॅन्सरच्या १८ रुग्णांच्या सुमारे ६,००० पेशी एकेक करून वाचल्या. काही कॅन्सर पेशी अर्धवट रूप बदललेल्या होत्या. त्वचेसारख्या पेशींचे गुण पूर्ण सोडलेले नाहीत, पण सरकत्या पेशींचे काही गुण उचललेले. याला पार्शल ईएमटी म्हणतात. या पेशी गाठीच्या कडेवर, फायब्रोब्लास्टच्या शेजारी सापडल्या, आणि त्यांचं प्रमाण मानेतल्या प्रसाराशी जोडलेलं दिसलं.

आपल्याला पुढचा प्रश्न इथेच मिळतो. मिश्री-तंबाखूमुळे झालेल्या जिंजिव्होबक्कल गाठीत हेच चित्र दिसेल का? सुपारी खाणाऱ्यांत गालाखालचा थर आधीच तंतुमय होऊन कडक झालेला असतो, ज्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तिथे फायब्रोब्लास्ट गाठ होण्याआधीपासून जागे असतात. म्हणजे कडेवरचा शेजार मुळातच वेगळा. म्हणून माझ्या अँटीबॉडींच्या यादीत कॅन्सर पेशींसाठी सायटोकेरॅटिन, जागृत फायब्रोब्लास्टसाठी अल्फा-एसएमए, मारेकरी टी पेशींसाठी सीडी८, मॅक्रोफेजसाठी सीडी६८ आणि अर्धवट रूप बदललेल्या पेशींच्या काही खुणा आहेत. कोण किती आहे हे मोजायचंच, पण कोण कोणाच्या किती जवळ आहे हे जास्त महत्त्वाचं. सीडी८ पेशी भरपूर आहेत पण फायब्रोब्लास्टच्या भिंतीबाहेर अडकल्यात, हे नुसत्या मोजणीत कधीच दिसणार नाही.

माझे दोन महिने कसे वाया गेले

आता थोडी कबुली. सुरुवातीला मी २४ गाठी घेतल्या. १२ जणांच्या मानेत प्रसार झालेला, १२ जणांची मान साफ. प्रसारवाले ब्लॉक आधी हाती आले, म्हणून मी ते आधी स्टेन केले. बाकीचे दोन आठवड्यांनी, अँटीबॉडीच्या नव्या कुपीतून. विश्लेषण केलं तर दोन गट असे स्वच्छ वेगळे झाले की मला रात्री झोप लागली नाही. सकाळी गाइडना आलेख दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "कुठली स्लाइड कुठल्या दिवशी स्टेन केलीस?"

मी रंग बदलून आलेख पुन्हा काढला. गट वेगळे झाले होते ते तारखेमुळे. प्रसार आणि तारीख माझ्या हातानेच एकमेकांत इतकी गुंतली होती की आता कुठलंही सॉफ्टवेअर ती सोडवू शकत नव्हतं. याला बॅच इफेक्ट म्हणतात. उपाय अगदी साधा आणि फुकट: प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गटांच्या स्लाइड मिसळून ठेवा, आणि प्रत्येक बॅचमध्ये एकच ठरलेलं ऊतक तुलनेसाठी घाला. हे आधी करायचं असतं, नंतर नाही.

दुसरी चूक होता होता वाचली. या यंत्रांवर एका रुग्णाच्या हजारो पेशी मोजल्या जातात. २४ रुग्णांच्या मिळून लाखांत जातात. सगळ्या पेशी एकत्र टाकून चाचणी लावली तर पी व्हॅल्यू इतकी लहान येते की छपाईत शून्यच दिसते. पण पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. एकाच घरातल्या दहा जणांना विचारून सगळ्या गावाचं मत कळत नाही. एकाच गाठीतल्या पेशी एकमेकींच्या नात्यातल्या असतात. तुमचा नमुना २४ चाच आहे. प्रत्येक रुग्णामागे एक आकडा काढा, किंवा रुग्णाला गट मानणारं मिश्र मॉडेल वापरा.

तिसरी गोष्ट जागेची. मास सायटोमेट्रीत एक चौरस मिलिमीटरला दीड-दोन तास लागतात, म्हणून पूर्ण काप न घेता तुकडे निवडावे लागतात. ते कोण निवडणार? मान बाधित आहे की नाही हे माहीत असलेल्याने निवडले तर नकळत "छान" कडा निवडल्या जातात. म्हणून आमच्याकडे पॅथॉलॉजिस्ट मॅडम निकाल झाकून एच अँड ईवर खुणा करतात.

तयारी करणाऱ्यांसाठी

पहिलं, ऊतक कुणाचं तरी असतं. संमतीपत्र आणि एथिक्स समितीची मान्यता ही कागदी कटकट समजू नका. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा नीट वाचा. मराठी संमतीपत्र मोठ्याने वाचून बघा. तुमच्या घरातल्या काकूंना ते कळत नसेल, तर ते अजून तयार नाही.

दुसरं, यंत्राच्या मोहाआधी सूक्ष्मदर्शकापाशी बसा. जवळच्या कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात विनंती करा. क्यूपाथ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. एका एच अँड ई चित्रावर गाठीची कड स्वतः काढा, मग पॅथॉलॉजिस्टने काढलेल्या कडेशी ताडून बघा. पहिल्या वेळी माझी कड जवळजवळ सगळीच चुकली होती.

तिसरं, आजच्या घडीला अशा नकाशावरून कुणाच्याही मानेचं ऑपरेशन टाळलं जात नाही, आणि जाऊही नये. लहान अभ्यासात दिसलेली खूण दुसऱ्या हॉस्पिटलच्या, वेगळ्या रुग्णांवर टिकते का हे बघावं लागतं. मग ती साध्या दोन-तीन अँटीबॉडींच्या चाचणीत उतरवावी लागते, जी तालुक्याच्या गावातून पाठवलेल्या बायोप्सीवरही करता येईल. चाळीस धातूंचं यंत्र शोधासाठी आहे. तपासणी स्वस्तच हवी.

आणि काकूंच्या प्रश्नाचं काय? गेल्या पावसाळ्यात घरी गेले तेव्हा त्यांना सांगितलं. म्हटलं, काकू, तुमच्या गाठी उगाच नाही काढल्या. तुमच्या मानेत काही नव्हतं हे काढल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. आणि ज्यांच्या मानेत काही निघालं नाही अशी माणसं आमच्या अभ्यासात अर्धी आहेत. ती नसतील तर तुलना कशाशी करणार? साफ मानेवाल्या गाठीची कड कशी असते, हे आम्ही तुमच्यासारख्यांच्याच गाठींवरून शिकतोय.

काकू ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या बाईचा खांदा वाचंल?"

"अजून नाही," मी म्हटलं. "पण त्याच्यासाठीच चाललंय."

विषय कसा शोधायचा, असं विचारता ना? आपल्या घरात, आपल्या गावात कुणीतरी असा एक प्रश्न विचारलेला असतो, ज्याचं उत्तर डॉक्टरकडेही नसतं. तो वहीत लिहून ठेवा. मग पेपर वाचायला बसा.